जिनातलं इंजिन

मारेगावात वणी रोडवर माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, निंबाच्या फांदीला टांगलेली चेनकप्पी आणि बाजूला पत्र्याची टपरी. भिंती नव्हत्या, त्यामुळे चोरीही कधी झाली नाही. चोराला आत शिरल्याचं समाधानच मिळालं नसतं. त्या एका फांदीनं जेवढी इंजिनं उचलली तेवढी एखाद्या कारखान्यातल्या क्रेननं उचलली नसतील. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर पहिली चंद्रपुरात आणि शेवटची फुलसावंगीत निघेल. मधल्या काही ढकलाव्या लागतील, हे मी नाकारत नाही.

लोकांना वाटतं मिस्तरीचं काम म्हणजे बिघडलेलं दुरुस्त करणं. ते कोणीही करतं. माझं नाव होतं ते इंजिन बदलण्यात. जुन्या गाडीचं मूळ इंजिन थकलं की दुसऱ्याच कुठल्या गाडीचं धडधाकट इंजिन आणून तिच्या पोटात बसवायचं. कापसाचे वाईट दिवस आले तसं हे काम वाढत गेलं. नवी गाडी घेणारं कोणी उरलं नाही, आणि जुनी मरू देणंही कोणाला जमेना. बाहेरून पाहणाऱ्याला हे सोपं वाटतं, एक काढलं आणि दुसरं ठेवलं. पण गिअरबॉक्सच्या तोंडाची भोकं जुळावी लागतात. क्लचप्लेटचे दाते शाफ्टाच्या दात्यांत जावे लागतात. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं चेंबर असतं, ते पुढच्या ॲक्सलवर टेकता कामा नये. इंजिन लांब निघालं तर पंखा रेडिएटरला खातो, आखूड निघालं तर वारा घालायचा तिथं घालत नाही. आणि वजन वेगळंच. वणीच्या एका रिटायर हेडक्लार्कसाहेबांनी आपल्या जुन्या पेट्रोल मोटारीत हट्टानं डिझेलचं जड इंजिन बसवून घेतलं. गाडी पुढून अशी वाकली, की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत चालल्यासारखी दिसायची. मी म्हटलं, साहेब, स्प्रिंगा बदलू. ते म्हणाले, राहू द्या मिस्तरी, नोकरीत मले जे जमलं नाही ते गाडीले तरी जमून राह्यलं.

एकानं तर जुन्या इंजिनाची लांबी आपल्या वितीनं मोजली आणि माप साळ्याला सांगून त्याला नागपूरला धाडलं. साळा पैलवान. त्यानं नागपुरात आपल्या वितीनं मोजून इंजिन आणलं. ठेवून पाहिलं तर म्हशीनं गोठ्यातून तोंड काढावं तसं ते बॉनेटबाहेर. दोघं जण दुपारभर माझ्या निंबाखाली एकमेकांच्या पंजाला पंजा लावून भांडत होते, आणि मी मधे पंच.

म्हणून माझी पद्धत पुठ्ठ्याची आणि सुतळीची. गिअरबॉक्सच्या तोंडावर पुठ्ठा धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं. कड असेल तिथं पुठ्ठा कापला जातो, भोक असेल तिथं भोक पडतं. तो पुठ्ठा घेऊन भंगारात जायचं आणि दिसेल त्या इंजिनाच्या पाठीला लावून पाहायचा. सगळ्या भोकांतून भोकं दिसली की सोयरीक पक्की. बाकीची मापं सुतळीच्या गाठींवर. तीन तालुक्यांतल्या गाड्यांचे पुठ्ठे माझ्या टपरीत खिळ्यांना लटकलेले असत. सगळे बियाण्याच्या खोक्यांचे, त्यामुळे प्रत्येक मापावर टपोऱ्या पांढऱ्या बोंडाचं चित्र. जेवढी बोंडं माझ्या टपरीत होती तेवढी त्या वर्षांत शिवारात नव्हती.

तिसरीही एक परीक्षा असते, पण ती आम्हाला करावी लागत नसे. ती हवाच करायची. हंगामात आमच्याकडे जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, रुईचे तंतू उडतात, कापसाच्या गाड्यांतून पुंजके उडतात. गाडी एक बाजार फिरून आली की तिच्या पुढच्या जाळीला पांढरी दाढी येते. पंखा बाहेरची हवा आत ओढतो, हवेबरोबर कापूस येतो आणि जाळीला चिकटतो. ती दाढी ओरबाडून काढणं हे सकाळचं पहिलं काम. दाढी आली म्हणजे पंखा नीट ओढतो आहे. हे मला कोणी शिकवलं नाही आणि मी कोणाला शिकवलं नाही. जे डोळ्यासमोर रोज असतं ते कोण शिकवतं?

आता शालिकच्या जीपचं सांगतो.

शालिक पळसवाडीचा. पळसवाडी ते मारेगाव काळी-पिवळी चालवायचा. गावात दुसरी गाडी नव्हती. एस.टी. येते असं म्हणत, मी एस.टी. पाहिलेली नाही, तिला पाहिलेली माणसं पाहिली आहेत. गाव आणि मारेगाव यांच्या मधे बैलबशीचा चढ. कापूस घेऊन येणारे बैल तिथं खाली बसायचे, म्हणून बैलबशी. धापा टाकत माथ्यावर पोचलं की पलीकडच्या उतारावर जिनिंगचं पत्र्याचं लांबलचक छप्पर दिसतं.

ते जिन विजेवर कमी आणि जनरेटरच्या इंजिनावर जास्त चालायचं. काय आवाज होता त्या इंजिनाचा! भरदार, खालच्या पट्टीतला, एका चालीचा. चढ ओलांडून पळसवाडीत ऐकू यायचा. मी तर म्हणतो आंध्रात ऐकू जात असेल. इंजिन सुरू झालं की पळसवाडीच्या बाया डबे बांधून निघत. जिनात कापसातला पाला आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचायचं काम त्यांचं. संध्याकाळी परत येताना केसांत, भुवयांत रुई. सगळ्या जणी एका दिवसात म्हाताऱ्या झाल्यासारख्या. मग भाव असे कोसळले, की जिनात येणारा कापूस आधी अर्धा झाला आणि मग आलाच नाही. मालक नागपूरला निघून गेला. जिनाला कुलूप लागलं. आवाज बंद झाला तेव्हा कित्येकांना कळलं, की आपण इतकी वर्षं तो ऐकत होतो.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नामदेव गेला.

नामदेव शालिकचा शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त. लोकांच्या शेतात फवारणी करणं हा त्याचा धंदा. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा. खिशात कापसाचा बोळा ठेवायचा. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून चिमूटभर सोडायचा आणि तो उडेल तिकडे तोंड करून फवारत निघायचा, म्हणजे औषध अंगावर येत नाही. इतका सावध माणूस. पण त्या वर्षी कापूस नुसता वाढला होता, डोक्याच्या वर. आत शिरलं की वारा म्हणून नाही. बोंड धरेना, अळी मरेना, म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र करून मारायला सांगत. एका दुपारी नामदेव झाडांतून बाहेर आला तो डोळ्यांना काही दिसत नाही म्हणत. मग उलट्या, मग हातपाय ताठ. शालिकनं त्याला जीपमधे घातलं. मागे त्याची बायको वच्छला, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. निघाले वणीच्या दवाखान्याकडे.

बैलबशीच्या चढावर, अर्ध्यात, जीप उकळली.

उकळलेल्या इंजिनात थंड पाणी टाकायचं नसतं. लोखंड तडकतं. थांबायचं असतं. हे शालिकला माझ्याइतकंच ठाऊक. पण मागे नामदेव. त्यानं कॅन उपडी केली, ब्लॉक चिरला आणि गाडी जागच्या जागी संपली. मग तो पळत माथ्यावर गेला, पलीकडून काही येताना दिसतं का पाहायला. रस्ता रिकामा होता. खाली फक्त बंद जिनाचं छप्पर चमकत होतं. तो परत खाली आला तेव्हा वच्छलानं पदर नामदेवाच्या तोंडावर ओढून घेतला होता.

मागून बैलगाडी आणून जीप माझ्या निंबाखाली ओढली. शालिक रोज यायचा आणि जीपजवळ बसून राहायचा. बोलणारा माणूस, माझ्या थापांवर थापा मारणारा, त्याची वाचाच गेली. मी एक दिवस विचारलं, वच्छला काही बोलली काय रे?

"नाही न," तो म्हणाला. "शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं. ते काहीच बोलत नाही, मिस्तरी. मले पाहून रस्ता सोडते."

मग म्हणाला, "मले पळणारी गाडी नोको. मले चढावर उकळणार नाही अशी पायजे. भरलेली. मागं माणूस झोपवलेला. तशी करून देता येते काय सांगा, नाहीतर विकून टाकतो."

मी म्हटलं, बे, मी विमानाला बैल जुंपून देईन, तू चढाचं काय घेऊन बसला. असं बोलून गेलो, पण इंजिन आणायचं कुठून ते मला ठाऊक नव्हतं. पळसवाडीच्या जीपचा पुठ्ठा घेऊन मी वणीचं भंगार पालथं घातलं, चंद्रपूरला जाऊन आलो. कुठं भोकं जुळली तर आत जीव नाही, कुठं जीव आहे तर भोकं जुळत नाहीत.

अशात एका सकाळी करीमचाचा आला. करीमचाचा म्हणजे जिनाचा इंजिनवाला, जिन चालू असताना त्या जनरेटरवर सगळा ताबा त्याचा. पांढरी दाढी, अंगाला कायमचा डिझेलचा वास. जिन बंद झालं, पगार बंद झाला, पण इंजिनखोलीची किल्ली त्याच्याकडे राहिली होती. रोज सकाळी तो जायचा, कुलूप उघडायचा, इंजिन हातानं फिरवायचा आणि कुलूप लावून घरी यायचा. पडून राहिलेलं इंजिन आतून गंजून जाम होतं, ते होऊ नये म्हणून. कोणासाठी, हे त्याला कोणी विचारलं नाही. आता मालकानं सगळी यंत्रं भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

"मिस्तरी," तो म्हणाला, "बाकी सब जाने दो. वो घोडा अभी बुढा नहीं हुआ. उसको तराजू पे मत चढने दो."

मी खिळ्यावरचा पुठ्ठा काढला आणि शालिकला घेऊन त्याच्यामागे निघालो. भंगारवाल्याशी शालिकनं काय ठरवलं ते त्या दोघांचं. मी इंजिनखोलीत शिरलो. आत उंदीर होते, कोळिष्टकं होती, आणि मधोमध ते इंजिन बसलं होतं, तेलपाणी केलेलं, पुसलेलं. जनरेटरला लावण्याआधी त्याची जात टेम्पोचीच, हे मला अंगावरून कळलं. पुठ्ठा पाठीला लावला. सगळ्या भोकांतून भोकं दिसली, फक्त एक कोपऱ्यातलं जरा रुसलेलं. त्याला कानशीनं समजावता येणार होतं. शालिकनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि माझा खांदा इतक्या जोरानं धरला, की तो अजून पावसाळ्यात दुखतो.

मग निंबाखाली काम सुरू झालं. चेंबर ॲक्सलवर टेकत होतं, ते कापून, आत दाबून पुन्हा वेल्डिंग केलं. जनरेटरचं इंजिन एकाच चालीनं चालायला बांधलेलं असतं. गाडीला तर घटकेत धावायचं, घटकेत थांबायचं. म्हणून डिझेलपंप वणीला पंपवाल्याकडे पाठवून त्याची ती एकसुरी सवय मोडून आणली. इंजिन टेकतं ती फाउंडेशन नवी केली. पंखा त्याच्यासोबत आलेलाच ठेवला, रुंद पात्यांचा, देखणा. सुतळीनं मोजलं तर पंखा आणि रेडिएटर यांच्यातलं अंतर अगदी हवं तेवढं. इंजिन उतरवताना चेनकप्पीची साखळी करीमचाचानं दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही.

दिवाळीच्या सुमाराला सुरू केलं. बॉनेट काढून ठेवलं होतं, अख्खा दिवस इंजिन निंबाखाली फडफडत ठेवलं. रेडिएटर असा गार, की त्यावर दही लावलं असतं तर विरजलं नसतं. जाळीही स्वच्छ, शोरूममधून आल्यासारखी. कोणीतरी म्हणालंसुद्धा, काय जाळी चमकून राह्यली. मला ते शुभलक्षण वाटलं.

पहिल्याच दिवशी जीप पळसवाडीत शिरली तेव्हा एक गोष्ट झाली, ती मी गाडीतूनच पाहिली. आवाज ऐकून बाया दारांत आल्या. जिन सुरू झालं असं त्यांना वाटलं. एकीच्या हातात डबा होता. मग त्यांना जीप दिसली. सगळ्या आत गेल्या.

त्या दिवशी मारेगावला परत येताना शालिकनं गाडी मुद्दाम खचाखच भरली, बाजाराला निघालेली माणसं. मी पुढे, करीमचाचा माझ्या बाजूला. बैलबशीचा चढ लागला. इंजिन जोरात ओढत होतं. अर्ध्यात, त्याच वळणावर, वाफ आली.

माणसं खाली उतरली. जागा सगळ्यांना माहीत होती. बायांनी डोक्यावर पदर घेतला. शालिक स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. मी बॉनेट उघडून पाहतोय, बेल्ट घट्ट, पाइप ठीक, पंखा फिरतोय, हाताला वारा लागतोय. मला काही सुचेना. शालिकचा हात चावीकडे गेला तसा करीमचाचा म्हणाला, "बंद मत कर." तो रस्ता उतरून शेतात गेला. एका फुटलेल्या बोंडातला कापूस तोडून आणला, जाळीसमोर उभा राहिला आणि चिमूट मोकळी सोडली.

कापूस जाळीला चिकटला नाही. तो उलटा उडून करीमचाचाच्या दाढीत जाऊन बसला.

त्यानं पुन्हा सोडला. पुन्हा दाढीत. एरवी मी यावर वर्षभर पुरतील इतके विनोद केले असते. पण म्हातारा मटकन दगडावर बसला.

"बाहर फेंक रहा है," तो म्हणाला. "जिन में रुई उडती थी न, रेडिएटर में घुस के जाम करती थी. इसलिए मैंनेच उल्टी पत्ती का पंखा लगाया था. रुई बाहर उडाने को. इतने साल हो गए, भूल गया मैं."

तेव्हा सगळं दिसलं. जनरेटर जागेवर उभा असतो. त्याचा पंखा वारा आत ओढो की बाहेर ढकलो, रेडिएटर गार राहतो. माझ्या निंबाखाली जीपही उभीच होती. पण गाडी चालायला लागली की समोरून रस्त्याचा वारा आत येतो, आतून पंख्याचा वारा बाहेर ढकलतो, आणि दोन वाऱ्यांच्या भांडणात बिचारा रेडिएटर कोंडून मरतो. चढावर तर मरतोच. आणि हे मला कळायला हवं होतं ते जाळीवरच्या दाढीवरून. इतर कुठल्याही वर्षी दोन दिवसांत कळलं असतं. त्या वर्षी जिन बंद, हवेत रुईचा तंतू नाही, दाढी येणार कुठून? जाळी स्वच्छ पाहून आम्ही खूश झालो होतो. चूक माझी नव्हती, हवेची होती. हे मी आजही कोणाही मिस्तरीसमोर सांगायला तयार आहे.

एका प्रवाशानं सुचवलं, की मंग पंखा पलटवून लावा न. सगळे असंच सांगतात. पंखा पलटवल्यानं वारा पलटत नाही. बोल्ट घ्या आणि उलटा धरा, आट्याचा पीळ तोच राहतो. पात्यांचा पीळच दुसरा हवा. शालिकच्या जुन्या इंजिनाचा पंखा माझ्या टपरीमागे पडला होता, त्याचा पीळ सरळ. भोकं जुळत नव्हती. पुठ्ठा ठोकून माप घेतलं, मधे लोखंडी चकती घालून बसवला, आणि मारेगावात कापूस मिळेना म्हणून माझ्या उशीतला काढून जाळीसमोर सोडला. फट् करून चिकटला. शालिकनं तो तिथून काढू दिला नाही.

त्यानंतर जीप चढावर कधी उकळली नाही. भरून नेली, दुपारच्या उन्हात नेली, उष्णतेचा काटा हलला नाही. पण वच्छला तिच्यात बसली नाही. बाजाराला पायी जायची. मागून तो आवाज आला की रस्त्याच्या कडेला उतरून, पाठ करून उभी राहायची. शालिक गाडी हळू करायचा, थांबवायची हिंमत व्हायची नाही.

पुढे वेचणी भरात आल्यावर शालिकनं मला रोडग्याच्या जेवणाला बोलावलं, नव्या इंजिनाच्या खुशीचं म्हणून. शेतात पळसाखाली गोवऱ्यांवर रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी रटरटत होती, आणि वाघ माझ्या गॅरेजात पंक्चर काढायला आला होता ही हकीगत मी नुकतीच रंगात आणली होती. धुऱ्यावरून दोघं जण एका माणसाला उचलून आणताना दिसले. नामदेवाचा धाकटा भाऊ देवराव. भाऊ गेल्यावर त्याचा पंप यानं उचलला होता. बोंडात अळी दिसली म्हणून त्या अखेरच्या दिवसांतही लोक फवारत होते. देवरावचे डोळे वर गेलेले, तोंडाला फेस. मागून वच्छला धावत येत होती.

रोडगे तसेच राहिले. देवरावला मागे आडवं केलं. वच्छला जीपजवळ आली आणि थांबली. मी पाहिलं, शालिकनं पाहिलं. मग ती चढली आणि दिराचं डोकं मांडीवर घेतलं. मी पाण्याची कॅन पायाशी धरून पुढे बसलो.

बैलबशीचा चढ लागला. मी आयुष्यात पुष्कळ वाढवून सांगितलं आहे, पण तो चढ किती लांब आहे हे मला वाढवून सांगता येणार नाही. शालिक रस्त्याकडे पाहत होता, मी काट्याकडे. ते वळण आलं. मागे वच्छलाचं काहीतरी पुटपुटणं चाललं होतं, ते थांबलं. इंजिन आपल्या त्या जुन्या भरदार आवाजात ओढत राहिलं. वळण गेलं. माथा आला. खाली जिनाचं छप्पर दिसलं आणि मागे पडलं. काटा जिथल्या तिथं होता. पुढे मारेगाव, पुढे वणी रोड, कापसाच्या आणि कोळशाच्या गाड्यांच्या मागून, बाजूनं, मधून. दवाखान्याच्या आवारात गाडी थांबली तेव्हा शालिकचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

देवरावला आत नेलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. वेळेवर आणलं, म्हणाले, आता काळजी घेऊ. शालिक पुढच्या चाकाला टेकून मातीत बसला आणि दुपट्टा तोंडात धरून लहान लेकरासारखा रडला.

थोड्या वेळानं मी पाहिलं तर वच्छला जीपच्या पुढे उभी होती. वणी रोडवरच्या कापसाच्या गाड्यांतलं उडालेलं सगळं जाळीला चिकटलं होतं, चांगली दाट दाढी आली होती. ती एक-एक पुंजका काढत होती. काढताना बोटांनी त्यातला पाला, कवडी बाजूला करून टाकत होती, जिनात करायची तशी, आणि साफ झालेला कापूस पदरात ठेवत होती. हातांची सवय. तिचं लक्ष तिथं नव्हतंच.

मी जवळ गेलो, काहीतरी बोलावं म्हणून. तीच बोलली. मान वर न करता म्हणाली, "मिस्तरी भाऊ, हे इंजन कोठचं हाय जी?"

मला पुढचा प्रश्न दिसला. जिनातलं म्हटलं, तर तिचा नवरा चढावर पडला होता त्या दुपारी ते कुठं होतं? तर चढाच्या पलीकडे, कुलपात. बिघडलेलं नव्हतं, जाम नव्हतं. त्याच सकाळी करीमचाचा हातानं फिरवून गेला असणार. शालिकनं माथ्यावरून पाहिलेल्या त्या छपराखाली. ते आधीच काढून शालिकच्या जीपमधे बसवावं, हे आम्हाला कोणालाच तेव्हा सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, "चंद्रपूरचं, वहिनी. खाणीवरून आणलं. आता दिवाळीतच आलं."

माझ्या थापा मारेगाव ते वणी सगळ्यांनी पोटभर ऐकल्या आहेत. वाघाची ऐकली, विमानाची ऐकली, आणि खरी मानून पुढे सांगितली आहे.

"हो का," वच्छला म्हणाली. जाळीवरचा शेवटचा पुंजका तिनं काढला, त्यातली कवडी वेचून टाकली आणि पदराला गाठ मारली.

"आवाज वळखीचा वाटला, म्हून इचारलं."

ती आत गेली. मला हाताला काहीतरी काम हवं होतं. इंजिन गार झालं होतं. फडक्यानं धरून रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं.